निरोप घरी यावा की आपण चावडीवर जावे?

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या सत्रात झालेले भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्यांसाठी येथे देत आहोत.)



सकाळच्या सत्रात पीक विमा, कर्ज आणि कापसाची खरेदी यांवर बोलणे झाले. त्या विषयांपुढे आमचा विषय हलका वाटेल. एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत आपण आपापसात चर्चा करायची कशी, एवढेच आम्हाला बोलायचे आहे.

पण हे हसण्यावारी नेऊ नका. जिल्ह्याची बैठक वर्षातून तीन-चार वेळा होते. किडीला आपल्या बैठकीची तारीख माहीत नसते. भाव पाडणाराही आपल्या बैठकीसाठी थांबत नाही. शेजारच्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट आपल्या गावाला पंधरा दिवस उशिरा कळते आणि तेवढ्यात हंगाम हातचा जातो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाने भोगले आहे.

आता बहुतेक घरांत एक तरी फोन आहे. मग अडचण कोठे आहे? अडचण ही, की फोन आले, पण फोनवर दहा गावांनी मिळून बोलायची रीत आपण कधी ठरवलीच नाही. जी हाताशी आली ती वापरली. बियाणे घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. जमीन हलकी की भारी, पाऊस किती, हे पाहून वाण ठरवतो. चर्चेची रीतही तशीच पाहून घ्यायला हवी.

रीती दोनच

यंत्रे कितीही निघोत, दूर बसलेल्या माणसांनी समूहाने बोलायच्या मुळात दोनच रीती आहेत. एक पोस्टमनची आणि दुसरी चावडीची.

पोस्टमनची रीत म्हणजे ई-मेलची यादी. यादीला एक सामाईक पत्ता असतो. त्या पत्त्यावर तुम्ही एक पत्र टाकले की यादीतल्या प्रत्येकाच्या पेटीत त्याची प्रत जाऊन पडते. कोणी उत्तर दिले तर तेही सगळ्यांच्या पेटीत. ही रीत जुनी आहे. १९८६ साली एरिक थॉमस नावाच्या विद्यार्थ्याने लिस्टसर्व नावाची प्रणाली लिहिली आणि यादी सांभाळण्याचे कारकुनी काम यंत्राकडे गेले. पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी आणि चळवळींनी या रीतीने वर्षानुवर्षे चर्चा केल्या.

चावडीची रीत म्हणजे वेब फोरम. इथे निरोप तुमच्या घरी येत नाही. इंटरनेटवर एक जागा असते, तिथे तुम्ही जायचे. प्रत्येक विषयाचे वेगळे पान. 'कापसावर लाल्या आला' असे एकाने विचारले की त्याच्या खाली त्याच विषयावरची उत्तरे एकाखाली एक लागत जातात. दोन वर्षांनी कोणी नवा माणूस आला तरी त्याला पहिल्या ओळीपासून सारे वाचता येते.

आता तुम्ही विचाराल, आपण सगळे वापरतो ते व्हॉट्सअॅप यातले कोणते? ते पोस्टमनच्या जातीचे आहे. निरोप घरपोच येतो, तोही क्षणात. पण एक फरक आहे, आणि सगळा घोळ त्यातच आहे. ई-मेलच्या पत्राला डोक्यावर विषयाची ओळ असते. 'विषय : ज्वारीवरील खोडमाशी' असे दिसले की ज्याला ज्वारी नाही तो ते पत्र बाजूला ठेवतो, आणि ज्याला हवे त्याला ते सहा महिन्यांनीही शोधता येते. व्हॉट्सअॅपच्या समूहात विषयाची ओळ नाही. खोडमाशी, वाढदिवस, दशक्रिया, ट्रॅक्टर विकणे आहे, सगळे एकाच पिशवीत. पोस्टमनने साऱ्या गावाची पत्रे पाकिटे फाडून तुमच्या ओसरीवर ओतली तर जे होईल ते.

आमचे तीन अनुभव

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. तिथे आम्हाला पीक कसे वाढते ते शिकवले, माणसे एकमेकांचे कसे ऐकतात ते कोणी शिकवले नाही. ते आम्ही चुका करत शिकलो. तीन चुका तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली चूक व्हॉट्सअॅपची. तालुक्याचा समूह केला. एका वर्षी पोळ्याच्या सुमारास रात्री एका शेतकऱ्याने कापसाच्या फुलाचा फोटो टाकला. पाकळ्या मिटलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. डोमकळी. खाली लिहिले होते, 'हे काय आहे?' त्याच रात्री समूहात एका लग्नाचे फोटो आले, मग एका पुढाऱ्यावरून वाद पेटला. सकाळपर्यंत शंभरावर निरोप होते. त्यांच्याखाली डोमकळी गाडली गेली. आम्ही तो फोटो पाहिला पाचव्या दिवशी.

पाच दिवसांनी काय बिघडते? तुम्हाला सांगायला नको, पण तरुण पोरांसाठी सांगतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अळी अंड्यातून निघाली की लवकरच आत शिरते, आणि बोंडात शिरल्याचे छिद्र बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार, आत सरकी खाल्ली जात असते. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारणी पोचत नाही. म्हणून सारा खेळ आधीच्या थोड्या दिवसांचा असतो. कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की हालचाल करायची, ती याचसाठी. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रात काय केले ते आपण पाहिले आहे. आमच्या समूहात तो फोटो वेळेवर आला होता. निरोप पोचला, पण कोणी वाचला नाही. पोचणे आणि वाचला जाणे यांत एका पिकाचे अंतर आहे.

दुसरी चूक चावडीची. व्हॉट्सअॅपला कंटाळून आम्ही म्हटले, नीटनेटकी जागा करू. एका ओळखीच्या तरुण अभियंत्याने वेबवर चर्चेची जागा बांधून दिली. कापूस, ज्वारी, तूर, जनावरे, बाजार, असे वेगवेगळे कप्पे. पाहून समाधान वाटले. उद्घाटनाला माणसे आली, नावे नोंदवली, दोन आठवडे उत्साह होता. मग डवरणी-निंदण सुरू झाले. दिवसभर वखरामागे चाललेला माणूस रात्री पासवर्ड आठवून चावडीवर येईल, ही आमचीच समजूत. जुलैत तिथे आम्ही तिघेच उरलो. प्रश्न आम्हीच विचारायचे आणि उत्तर आम्हीच द्यायचे.

तरी तिघांनी मिळून दोन हंगामांच्या नोंदी तिथे टाकल्या. कोणत्या गावात किती दिवसांची उघडीप पडली, त्यात कोणता वाण तगला, हलक्या जमिनीत कापूस-तूर किती ओळींना किती लावली आणि हाती काय आले. ती जागा भाड्याची होती. भाडे भरायचे कोणी यात गोंधळ झाला, मुदत टळली, आणि एक दिवस उघडायला गेलो तर पान रिकामे. दोन हंगाम गेले. चूक आमचीच होती. पण ज्यांनी त्या नोंदी दिल्या त्यांच्यापैकी काही आता आपल्यात नाहीत. त्या नोंदी पुन्हा कोणाला विचारणार?

तिसरा प्रकार ई-मेलच्या यादीचा. आमच्या कार्यकर्त्यांची एक छोटी यादी होती. तिच्यात कृषी पदवीधर, एक-दोन मास्तर, शहरात नोकरीला गेलेली शेतकऱ्यांची मुले. चर्चा चांगली होत असे. विषयाला धरून, सविस्तर. आणि चावडी बुडाल्यावर जे थोडे परत मिळाले ते या यादीतून. कारण जे त्या यादीवर आले होते त्याची प्रत प्रत्येकाच्या पेटीत होती. एकाकडे नाही तर दुसऱ्याकडे सापडले. पण या यादीत नांगर धरणारा हात क्वचितच होता. फोन घेताना दुकानदाराने ई-मेलचा पत्ता काढून दिलेला असतो, तो उघडून कोण बघतो? ती लिहिणाऱ्यांची यादी झाली, कसणाऱ्यांची झाली नाही.

दुसऱ्यांनी काय पाहिले

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. याहू ग्रुप्स नावाची सोय जगात लाखो लोक वापरत. तिच्यात ई-मेलची यादीही होती आणि कागदपत्रे, फोटो ठेवायची सामाईक जागाही. २०१९ च्या ऑक्टोबरात कंपनीने सांगितले की साठवलेला मजकूर आता ठेवणार नाही. काही महिने मुदत दिली, आणि १५ डिसेंबर २०२० ला सारी सोयच बंद केली. ज्यांनी पत्रे ई-मेलने घेतली होती त्यांच्याकडे आपापल्या पेटीत ती राहिली. ज्यांनी सारे त्या जागेवर भरवशाने ठेवले आणि वेळेत उतरवून घेतले नाही, त्यांचे गेले. दुसऱ्याच्या वाड्यातली चावडी मालकाच्या मनात आले की बंद होते. फुकट मिळाली म्हणून ती आपली होत नाही.

चावडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईच्या आय.आय.टी.ने २००३ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी वेबवर प्रश्नोत्तरांची एक जागा सुरू केली होती. तिचे नाव 'आक्वा'. जवळजवळ सर्व प्रश्नांची उत्तरे मिळावीत अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ते ठेवले होते. मराठीत प्रश्न विचारायची सोय होती. रोग पडलेल्या पानाचा फोटो जोडता येई. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तरे देत, पाबळचा विज्ञान आश्रमही त्या कामात होता. विचारलेला प्रश्न आणि दिलेले उत्तर तिथे राहत असे, त्यामुळे एकाच्या उत्तराचा उपयोग दुसऱ्याला होई. आमची चावडी ओस पडली आणि ती चालली, याचे कारण आम्हाला असे दिसते की तिथे उत्तर द्यायला माणूस नेमलेला होता. आमच्या चावडीवर दिवा होता, पण बसणारा कोणी नव्हता.

आकाशवाणीचा जुना धडा

आता थोडे मागे जाऊ. तरुणांना वाटते, दूरच्या माणसांनी एकत्र चर्चा करणे हे इंटरनेट आल्यावर सुरू झाले. आपल्या पुणे केंद्राने १९५६ साली ते करून दाखवले आहे.

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे होती. आठवड्याला एक कार्यक्रम लागायचा, शेजारचे शेतकरी एका घरी जमून तो ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपले मत लिहून कळवायचे. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचे सूत्र. ते काम १९६५ पर्यंत चालले. त्याच धर्तीवर युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक मंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, नंतर चर्चा करायची, आणि मंडळाच्या चिटणीसाने प्रश्न आणि निष्कर्ष लिहून केंद्राकडे पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात.

पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांची त्याने मंडळे नसलेल्या गावांशी तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत पडलेली भर कितीतरी जास्त होती. गावात नुसता रेडिओ असल्याने तेवढे साधले नव्हते.

यात आपल्या कामाचे काय आहे? नीट पाहा. निरोप घरपोच, म्हणजे गावापर्यंत, आवाजाच्या रूपाने आला. तो पोस्टमन झाला. मग माणसे एका जागी बसली. ती चावडी झाली. आणि एक माणूस लिहायला बसला, त्याने लिहिलेले परत गेले. ही तिसरी गोष्ट आम्ही आमच्या तिन्ही प्रयोगांत विसरलो होतो. आम्ही यंत्रे बदलत राहिलो. लिहिणारा नेमलाच नाही.

मग घ्यायचे काय?

आमचे मत स्पष्ट सांगतो. कोरडवाहू शेतकऱ्याला एकच रीत निवडायची असेल तर घरपोच रीत निवडावी. हंगामात माणूस चावडीवर जात नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. जे त्याच्या फोनवर आपोआप येईल तेच त्याच्यापर्यंत पोचेल. पण घरपोच रीतीला दोन गोष्टी जोडल्याशिवाय ती कामाची नाही. एक विषयाची ओळ आणि दुसरी नोंद.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे.

पहिले, इशाऱ्याचा समूह वेगळा करावा. त्यात बोलायचा अधिकार तालुक्याने नेमलेल्या पाच-सहा जणांनाच असावा. व्हॉट्सअॅपमध्ये ती सोय आहे. तिथे फक्त कीड, हवामान, खरेदी केंद्र आणि बैठक यांचेच निरोप. प्रत्येक निरोपाची पहिली ओळ ठरलेली असेल. पीक, गाव, तारीख. 'कापूस. अमुक गाव. अमुक तारीख. सापळ्यात तीन रात्री आठावर पतंग.' एवढे पुरे. शुभ सकाळ नाही, जयंती नाही. ज्याला ते करायचे त्याने दुसरे समूह चालवावेत, आमची ना नाही. लग्नाचे फोटो माणसे माणसांना पाठवणारच. मात्र ते सापळ्याच्या आकड्यावर पडू देऊ नका.

दुसरे, चर्चेचे समूह पिकाप्रमाणे छोटे असावेत. एका समूहात हजारावर माणसे घालता येतात म्हणून घालायची नसतात. वीस-पंचवीस गावांचा एक कापसाचा, एक ज्वारीचा. इथे सगळ्यांनी बोलावे, भांडावेही. पण प्रश्न विचारणाऱ्याने पहिल्या ओळीत विषय लिहावा, आणि उत्तर देणाऱ्याने मूळ प्रश्न धरूनच उत्तर द्यावे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक तालुक्याला दोन नोंदकार. त्यांतली एक बाई असावी. दर पंधरा दिवसांनी त्यांनी एक पान लिहावे. प्रश्न काय होता, कोणत्या गावचा, उत्तर कोणी दिले, आणि करून पाहिल्यावर काय झाले. हे शेवटचे आपल्याकडे कधीच लिहिले जात नाही. फवारा म्हणून सांगणारे पन्नास असतात. फवारल्यावर काय झाले ते कोणी येऊन सांगत नाही. ई-मेलच्या जुन्या याद्यांत दिवसभराची पत्रे एकत्र बांधून एकच गठ्ठा पाठवायची सोय असे. आपले पान म्हणजे तसाच गठ्ठा, फक्त माणसाने निवडलेला.

चौथे, हे पान तीन वाटांनी जावे. तालुक्यांच्या नोंदकारांची ई-मेलची यादी असेल, तिच्यावरून सर्व तालुक्यांना. म्हणजे प्रती अनेक पेट्यांत राहतील, एकाचे गेले तरी दुसऱ्याकडे सापडेल. समूहांवर त्याचा फोटो आणि कोणीतरी वाचलेला आवाज जाईल, कारण सगळ्यांना वाचता येते असे नाही. आणि बाजाराच्या दिवशी पारावर ते मोठ्याने वाचावे. ही आपली चावडी. तिला भाडे नाही आणि पासवर्डही नाही. हंगाम संपला की सगळी पाने एकत्र छापू.

वेबवरची चावडी नकोच का? हवी. पण ती शेवटी. दोन हंगामांची पाने हातात आली की ती विषयवार लावून ठेवायला तशी जागा उत्तम. नव्या माणसाला मागचे वाचता येईल. मात्र तिची एक प्रत आपल्या कार्यालयात कागदावर असेल, आणि भाड्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहिलेली असेल.

तीन सावधगिऱ्या

पहिली अफवेची. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात, २०२२-२३ ला, समूहांतून निरोप फिरू लागले. थांबा, यंदाही दहा हजार होणार. अनेकांनी कापूस घरात ठेवला. भाव सात-आठ हजारांच्या घरात घुटमळला आणि अनेकांना उन्हाळ्यात त्याहून कमी घ्यावे लागले. माल थांबवणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि कधी तो शहाणपणाचाही असतो. पण तो निरोप कोणी लिहिला, कशाच्या आधारावर, हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुढे पाठवलेल्या निरोपावर मूळ लिहिणाऱ्याचे नाव राहत नाही. २०१८ साली भारतात एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा कंपनीला घालावी लागली, ती अशाच निनावी निरोपांनी माणसांचे जीव गेल्यावर. आपल्या समूहात नियम असावा. भावाचा निरोप देणाऱ्याने बाजार समितीचे नाव, तारीख आणि स्वतःचे नाव द्यावे. नाव नसेल तर निरोप काढून टाकावा.

दुसरी औषधाची. समूहात औषधे विकणाराही असतो. तो आपल्याच गावचा असतो, त्याच्याशी वैर नाही. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ते आपण विसरलेलो नाही. तीन औषधे एका पंपात मिसळा असा सल्ला फोनवर देणे सोपे असते. म्हणून औषधाच्या सल्ल्याखाली देणाऱ्याचे नाव हवे, तो विकतो का हे हवे, मात्रा हवी, आणि लेबलावर ते पीक आहे का तेही हवे. नोंदकाराने हे चारही नसलेला सल्ला पानात घेऊ नये.

तिसरी सावधगिरी बायांच्या बाबतीत. सापळ्यातले पतंग पुरुष मोजतात. पण बोंड फुटल्यावर कवडी कापूस पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागतो? वेचणीला गेलेल्या बाईच्या. कोणत्या तासात कवडी जास्त, कोणत्या वाणाची बोंडे नीट उमलत नाहीत, हे तिला शेताच्या मालकाआधी कळते. आणि फोन असतो मालकाच्या खिशात. आपण कितीही समूह केले तरी तिचे शब्द त्यात येणार नाहीत. म्हणून नोंदकारांत एक बाई असावी असे आम्ही म्हणतो. तिने वेचणीच्या बायांत बसून ऐकावे आणि लिहावे. ही मेहरबानी समजू नका. ही माहिती आपल्याला दुसरीकडून मिळणारच नाही.

जाण्याआधी

या मेहनतीत काय मिळणार, असे कोणी विचारले तर आम्ही एवढेच म्हणतो. सरकारच्या खात्याकडे आपल्या पिकाचे आकडे असतात. विमा कंपनीकडे असतात. बियाणे विकणाऱ्याकडेही असतात. आपल्या पिकाबद्दल आपल्याकडे काय असते? आठवण. विमा कंपनीपुढे, भाव ठरवणाऱ्यापुढे आठवण चालत नाही. तिथे नोंद लागते. अमुक गावात अमुक तारखेला सापळ्यात इतके पतंग होते, अमुक दिवशी पावसात इतकी उघडीप पडली, हे दर पंधरवड्याला लिहिलेले पान आपल्यापाशी असेल तर त्यांच्या आकड्यापुढे ठेवायला आपलाही आकडा असेल.

तेव्हा घरी जाण्याआधी प्रत्येक तालुक्याने बाहेरच्या टेबलावर दोन नोंदकारांची नावे लिहून द्यावीत. येत्या मृगाआधी इशाऱ्याचे समूह सुरू करू. पहिले पान पेरणीचे असेल. कोणी धूळपेरणी केली, कोणाला दुबार करावी लागली, किती खर्च आला. पहिले पान वेडेवाकडे निघाले तरी चालेल. आमच्या दोन हंगामांच्या नोंदी फार सुबक होत्या आणि आज त्यांतली ओळ सांगायला कोणी नाही. वेडेवाकडे असो, पण ते पान दहा घरांत असो.

आमचे बोलणे संपले. आता प्रश्न विचारा. उत्तरे लिहून घ्यायला आज दोघे बसले आहेत.